किल्ली आणि किंमत एकाच बैठकीत
जुनी गाडी मोबाईलवरून विकताना पैशांची फसवणूक कशी टाळावी?

लहान व्यापारी आणि कारागीर यांच्यासाठी गाडी ही हौसेची वस्तू नसते. टेम्पो, रिक्षा, पिकअप किंवा माल पोहोचवायची मोटारसायकल हे त्यांचे भांडवलच असते. ती विकली जाते तेव्हा येणाऱ्या पैशांची वाट आधीच ठरलेली असते. कोणाला नव्या गाडीचे डाउन पेमेंट भरायचे असते, कोणाला सुताचे किंवा लाकडाचे बिल चुकवायचे असते, तर कोणाच्या घरी मुलीचे लग्न आलेले असते. अशा वेळी गाडीही गेली आणि पैसेही गेले, तर धंदा वर्ष दोन वर्षे मागे पडतो.

पूर्वी जुनी गाडी विकायची म्हणजे गॅरेजवाल्या मिस्त्रीच्या कानावर घालायची, नाहीतर दलालाला सांगायचे. गिऱ्हाईक ओळखीतून येत असे. गाडी पाहिली जाई, चहा होई, भाव ठरे, नोटा मोजल्या जात आणि त्याच बैठकीत किल्ली हातावर ठेवली जाई. दोन्ही बाजूंची माणसे समोर बसलेली असत. त्यातही फसवणूक होत असे, पण फसवणारा कोणत्या मोहल्ल्यातला हे तरी माहीत असे.

आता ओएलएक्स, फेसबुक मार्केटप्लेस किंवा व्हॉट्सॲपच्या गटावर फोटो टाकला की तासाभरात दहा फोन येतात. दलाली वाचते, दूरचे गिऱ्हाईक मिळते, भावही बरा येतो. हा फायदा खरा आहे आणि तो घेण्यात काही गैर नाही. मात्र या पद्धतीत ती जुनी बैठक मोडली. माल एका गावात, पैसे दुसऱ्या गावात आणि घेणारा कोण हे ठाऊक नाही. ठगांचा सारा धंदा या मोकळ्या जागेत चालतो. म्हणून गाडी विकणाऱ्याने एकच ठरवावे की सौदा मोबाईलवर सुरू झाला तरी तो पुरा होईल समोरासमोर, किल्ली आणि किंमत एकाच बैठकीत देऊन घेऊन. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीसाठी आहेत.

पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही

समजा, भिवंडीतील एका फर्निचर कारागिराने आपला जुना टेम्पो १ लाख ८५ हजार रुपयांना विकण्याची जाहिरात संध्याकाळी टाकली. पंधरा मिनिटांत फोन येतो. बोलणारा अदबीने सांगतो, "मी लष्करात आहे, सध्या ड्युटीवर आहे, गाडी माझ्या भावाला घ्यायची आहे." तो ओळखपत्राचा फोटो पाठवतो. भावात घासाघीस करत नाही. "गाडी दुसऱ्याला देऊ नका, २० हजार बयाणा आत्ताच पाठवतो," म्हणतो आणि एक क्यूआर कोड पाठवतो. विश्वास बसावा म्हणून आधी पाच दहा रुपये खरोखरच जमा करून दाखवतो. मग म्हणतो, "आता हा कोड स्कॅन करा आणि पिन टाका, म्हणजे २० हजार जमा होतील."

कारागीर पिन टाकतो आणि त्याच्याच खात्यातून २० हजार निघून जातात. तो घाबरून फोन करतो. पलीकडचा शांतपणे म्हणतो, "सर्व्हरची चूक झाली. पुन्हा एकदा करा, दोन्ही रकमा एकदम परत येतील." गेलेले पैसे परत मिळवण्याच्या घाईत माणूस दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पिन टाकतो. अशा प्रकारे टेम्पो दारात उभा असतानाच ६० हजार जातात.

ही रीत देशभर इतक्या वेळा वापरली गेली आहे की तिच्यात आता नवीन काही राहिलेले नाही. तरीही माणसे फसतात, कारण २०१६ साली सुरू झालेली यूपीआय व्यवस्था आपण रोज वापरतो, पण तिचा एक साधा नियम मनात पक्का बसलेला नसतो. तो नियम असा की पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली आहे. ती फक्त पैसे बाहेर काढताना लागते. आपल्या खात्यात पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, कोड स्कॅन करावा लागत नाही, कोणतीही लिंक उघडावी लागत नाही आणि ओटीपीही सांगावा लागत नाही. आपल्या दुकानात गिऱ्हाईक आपला कोड स्कॅन करते, आपण गिऱ्हाईकाचा कोड स्कॅन करत नाही. गाडीच्या सौद्यातही तेच आहे.

एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे यूपीआयवरून पैशांची मागणी पाठवण्याची सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद करण्यात आली. ठग या सोयीचा गैरफायदा घेत होते. पण त्यामुळे निर्धास्त होऊ नये. क्यूआर कोडची युक्ती अजून शिल्लक आहे. "मदत करतो, एक ॲप घ्या," असे सांगून आपल्या मोबाईलचा पडदा स्वतःकडे पाहण्याची युक्तीही आहे. एनीडेस्कसारख्या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ सालीच सावध केले होते. गिऱ्हाईकाने व्हॉट्सॲपवर पाठवलेली "आरटीओ पावती" किंवा "चलन" नावाची फाईल मोबाईलमध्ये बसवायला सांगितली, तर ती उघडू नये. सरकारी पावती पाहण्यासाठी ॲप बसवावे लागत नाही.

मेसेज आला म्हणजे पैसे आले असे नव्हे

दुसरा प्रकार समोर आलेल्या गिऱ्हाईकाकडून होतो. माणूस गाडी पाहतो, पसंत करतो आणि आपल्यासमोरच मोबाईलवर पैसे पाठवतो. त्याच्या पडद्यावर हिरवी खूण दिसते, रक्कम दिसते, आपले नावही दिसते. तो किल्ली घेऊन जातो आणि खात्यात मात्र काही येत नाही. फोनपे किंवा गुगल पे यांची हुबेहूब नक्कल करणारी खोटी ॲप बनवलेली असतात. त्यांत हवी ती रक्कम टाकून हवा तो पडदा दाखवता येतो.

खोटा एसएमएसही असाच असतो. "आपल्या खात्यात ८५,००० जमा," असा मजकूर कोणीही टाइप करून पाठवू शकतो. तो साध्या दहा आकडी मोबाईल नंबरवरून आला असेल तर तो बँकेचा नाही हे समजावे. कधी मुद्दाम जास्त रकमेचा मेसेज पाठवला जातो. "बयाणा पाच हजार पाठवायचा होता, चुकून पन्नास हजार गेले, ४५ हजार परत करा, घरात आजारपण आहे," अशी विनवणी केली जाते. प्रामाणिक माणूस दुसऱ्याचा पैसा क्षणभरही ठेवू इच्छित नाही, म्हणून तो लगेच परत करतो. प्रत्यक्षात आलेले काहीच नसते.

उपाय साधा आहे. गिऱ्हाईकाचा पडदा पाहू नये, आपले खाते पाहावे. बँकेच्या ॲपमधून किंवा पासबुक भरून शिल्लक तपासावी आणि ती वाढलेली दिसेपर्यंत किल्ली खिशातच ठेवावी. "नेटवर्क स्लो आहे, तासाभरात जमा होईल," असे गिऱ्हाईक म्हणाले तर "तासभर बसू, जेवण करूनच जा," असे आपणही म्हणावे. खऱ्या गिऱ्हाईकाला याचा राग येत नाही.

चेक आणि ड्राफ्ट

मोठ्या गाडीच्या सौद्यात चेक किंवा डिमांड ड्राफ्ट पुढे केला जातो. वेळ बहुधा शनिवार संध्याकाळ किंवा सणाच्या आदल्या दिवसाची साधलेली असते, म्हणजे बँकेत विचारता येत नाही. खात्यात भरलेला चेक आणि वटलेला चेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चेक वटून रक्कम वापरता येईपर्यंत गाडी देऊ नये.

चेक परत आला तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ खाली दाद मागता येते. मात्र त्याच्या मुदती कडक आहेत. चेक परत आल्याची सूचना बँकेकडून मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पैसे देण्यासाठी १५ दिवस असतात. त्यानंतर एका महिन्याच्या आत कोर्टात तक्रार करावी लागते. "देतो, देतो" या वायद्यांवर बसून राहणाऱ्याची मुदत निघून जाते. शिवाय चेक देणाऱ्याचे नाव पत्ताच खोटा असेल तर नोटीस पाठवणार कोणाला?

ड्राफ्टही बनावट असू शकतो. त्याच्यावर छापलेल्या फोन नंबरवर चौकशी करणे म्हणजे चोरालाच साक्षीला बोलावणे आहे. गिऱ्हाईकाबरोबर बँकेत जावे आणि ड्राफ्ट आपल्यासमोर काढून घ्यावा. त्याहून बरे म्हणजे त्याने बँकेतूनच एनईएफटी किंवा आरटीजीएस करावे. दोन लाख आणि त्यावरील रक्कम आरटीजीएसने लवकर पोहोचते.

रोख घ्यायची असेल तर लक्षात ठेवावे की २०१७ पासून एका व्यवहारात दोन लाख रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने बंदी आहे. घेतलेल्या रकमेइतका दंड होऊ शकतो आणि तो घेणाऱ्यावर बसतो. त्याहून कमी रोख असली तरी ती बँकेच्या काउंटरवर मोजून तिथेच भरावी. खोट्या नोटेचा प्रश्न तिथल्या तिथे मिटतो.

तिसऱ्याच्या खात्यातून आलेला पैसा

हा प्रकार अलीकडचा आहे आणि व्यापाऱ्यांना तो सर्वांत जास्त नडतो, कारण यात पैसे खरोखर जमा होतात. गिऱ्हाईक म्हणते, "माझ्या मित्राच्या खात्यातून पाठवतो." पैसे येतात, आपण खात्री करून गाडी देतो. काही दिवसांनी बँक सांगते की खाते गोठवले आहे. होते असे की ठगाने दुसऱ्या कोणाला तरी फसवलेले असते आणि त्या बिचाऱ्याचे पैसे सरळ आपल्या खात्यात वळवलेले असतात. त्याने तक्रार केल्यावर पोलीस पैशांचा माग काढत आपल्यापर्यंत येतात. ठग टेम्पो घेऊन गेलेला, फसलेला पैसे मागणारा आणि मधे आपण. त्यात करंट खाते अडकले तर कामगारांचा पगारही अडकतो.

म्हणून पैसे पाठवणाऱ्याचे नाव आणि गाडी ज्याच्या नावावर होणार त्याचे नाव एकच असावे. भाऊ, मित्र, शेठ असे कोणाच्याही खात्यातून आलेले पैसे घेऊ नयेत. आधी एक रुपया मागवून पाठवणाऱ्याचे नाव पाहावे आणि ते आधार व लायसन्सशी जुळवावे. खाते अडकलेच तर सौद्याचा लेखी कागद हाच आपला बचाव ठरतो.

हप्त्यावरची गाडी

रिक्षा आणि टेम्पोवाल्यांमध्ये एक जुनी रीत आहे. कर्ज फिटलेले नसते, तेव्हा "थोडे रोख घ्या, पुढचे हप्ते मी भरतो," या तोंडी बोलीवर गाडी दिली जाते. दोन तीन हप्ते भरले जातात, नंतर फोन बंद होतो. फायनान्स कंपनीच्या दप्तरात कर्जदार आपणच असतो, म्हणून वसुलीची माणसे आपल्या दारात येतात आणि गाडीचा पत्ता नसतो. कंपनीच्या संमतीशिवाय अशी गाडी विकणे हा कराराचा भंगही ठरतो. गिऱ्हाईकाला कंपनीच्या कार्यालयात न्यावे, त्याच्याकडून उरलेली रक्कम थेट कर्जखात्यात भरून घ्यावी, एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरसीवरचा बोजा उतरवावा आणि मगच नाव बदलावे.

सौद्याच्या दिवशी

ट्रायलसाठी गाडी देताना आपण किंवा आपला माणूस सोबत बसावा. "माझी मोटारसायकल इथे ठेवतो," या हमीला अर्थ नाही, कारण ती चोरीची असू शकते. गिऱ्हाईकाचे मूळ लायसन्स हातात घेऊन त्याचा फोटो काढावा. आरसी, आधार, पॅन यांचे स्वच्छ फोटो फोनवरच्या अनोळखी माणसाला पाठवू नयेत. ठग तेच फोटो दाखवून "मी गाडीचा मालक" म्हणत दुसऱ्याला फसवतात आणि नाव आपले येते. आधार द्यायचेच तर शेवटचे चार अंक दिसणारी प्रत द्यावी.

सौदा कामाच्या दिवशी, सकाळी, आपल्या बँकेच्या शाखेत करावा. सौद्याच्या कागदाच्या दोन प्रती कराव्यात. त्यात दोघांची नावे व पत्ते, गाडीचा नंबर, इंजिन आणि चेसिस नंबर, ठरलेली किंमत, पैसे कसे मिळाले त्याचा संदर्भ क्रमांक, आणि गाडी दिल्याची तारीख व वेळ लिहावी. वेळ अवश्य लिहावी, कारण त्याच दिवशी अपघात झाला तर तासाचा प्रश्न येतो. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. फास्टॅग आपल्या खात्याशी जोडलेला असतो, तो त्याच दिवशी बंद करावा.

कोऱ्या टीटी फॉर्मवर सही करून गाडी देण्याची सवय सोडली पाहिजे. राज्यातल्या राज्यात विकताना विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत फॉर्म २९ ने आरटीओला कळवायचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत फॉर्म ३० भरायचा असतो. परराज्यातील गिऱ्हाईक असेल तर आधी आपल्या आरटीओची फॉर्म २८ वरील एनओसी लागते. नाव बदलताना मोबाईलवर येणारा ओटीपी पूर्ण पैसे मिळाल्याखेरीज देऊ नये आणि पैसे मिळाल्यावर अडवूनही धरू नये.

नाव न बदलण्याचा धोका किती मोठा आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या एका निकालावरून कळते. त्या प्रकरणात गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी अनेक हातांतून गेली होती, पण आरटीओच्या दप्तरात पहिल्याच मालकाचे नाव राहिले होते. अपघाताच्या नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली गेली. म्हणजे गाडी विकून विसरलेल्या माणसालाही लाखोंचा भुर्दंड बसू शकतो.

गाडी डीलरला देत असाल तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांचा आधार घ्यावा. त्यानुसार जुन्या गाड्यांच्या डीलरकडे आरटीओचे अधिकारपत्र असावे लागते आणि गाडी ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी ने नोंदवावी लागते. ही नोंद झाली की गाडीची जबाबदारी डीलरकडे जाते. अधिकारपत्र नसलेल्याला गाडी देणे म्हणजे अनोळखी माणसाला देण्यासारखेच आहे.

लिहून ठेवणे ही आपली शिकवण

लेखी कागद आणि साक्षीदार मागितले तर समोरचा "भरोसा नाही का?" असे विचारतो आणि आपण संकोचतो. हा संकोच सोडून द्यावा. पवित्र कुरआनची सर्वांत दीर्घ आयत, सूरह अल्-बकराची २८२ वी, इबादतीविषयी नसून देण्याघेण्याच्या व्यवहाराविषयी आहे. उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा, मुदत लिहावी, लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, रक्कम लहान म्हणून कंटाळा करू नये, आणि हातोहात सौदा असला तरी साक्षीदार करावेत, अशी ताकीद तिच्यात आहे. कागद मागणे हा अविश्वास नसून अल्लाहच्या आदेशाचे पालन आहे, हे निःसंकोच सांगावे.

हीच शिकवण विकणाऱ्यालाही बांधते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तेव्हा आत ओला माल आढळला. ओला भाग वर ठेवायला हवा होता, असे त्यांनी विक्रेत्याला बजावले आणि फसवणाऱ्याला आपल्यातला मानले नाही. गाडीचे किलोमीटर मागे फिरवणे, अपघात लपवणे, इंजिनात दाट ऑइल घालून आवाज दाबणे हे सारे त्या ओल्या धान्यासारखेच आहे. जो दोष माहीत आहे तो जाहिरातीतच लिहावा. खोटे बोलून घेतलेल्या जास्तीच्या पाच हजारांत बरकत नसते.

फसवणूक झालीच तर

पहिला तास मोलाचा असतो. ठगाशी वाद घालत बसू नये, ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून निघण्याआधी कळले तर ते रोखता येतात. त्यानंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी, बँकेला लेखी कळवावे आणि पोलीस ठाण्यात जावे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचा गुन्हा कलम ३१८ मध्ये आहे. "हे आमच्या हद्दीत नाही," असे म्हणून दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नाकारता येत नाही. गाडी गेली असेल तर आरटीओ आणि विमा कंपनीलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. मेसेज, नंबर, कोड, फोटो यांतले काहीही पुसून टाकू नये. "तुमचे पैसे मिळवून देतो, आधी फी भरा," असा फोन आला तर तो दुसरा ठग समजावा.

आपल्याकडे पुष्कळ लोक फसल्यावर लाजेने गप्प बसतात. घरात कळले तर काय म्हणतील, बाजारात हसे होईल, असे त्यांना वाटते. त्यामुळे तोच ठग त्याच गल्लीत दुसऱ्याला फसवतो. फसणे हा गुन्हा नाही. घरात, दुकानात, जुम्याच्या नमाजनंतर भेटणाऱ्या चार माणसांत सांगावे. ज्यांना मोबाईलवर वाचता येत नाही अशा वयस्कर कारागिरांना गाडी विकायची असेल तर मोहल्ल्यातील शिकलेल्या तरुणांनी सौद्याच्या दिवशी त्यांच्याबरोबर बँकेत बसावे. जुन्या बैठकीत जे दोन साक्षीदार असत, ते हेच. अल्लाह आपल्या रोजीत बरकत देवो आणि आपल्या कष्टाच्या कमाईचे रक्षण करो.